वीतभर गाडी बनवायला आख्खी पोर्शे खोलली! रेसिंग कारच्या स्केल मॉडेलमागचं वेड नेमकं काय असतं?

१९७० च्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या एका कंपनीने पोर्शे ९११ विकत घेतली. एवढी भारी गाडी हातात आली तर कुणीही ती आधी रस्त्यावर पळवून बघेल. या मंडळींनी मात्र पाने आणि स्क्रू ड्रायव्हर काढले आणि गाडी खोलायला घेतली. एकेक भाग सुटा केला, मोजला, त्याचे फोटो काढले.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर त्यांना या गाडीच्या घराण्यातल्या एका रेसिंग कारचं प्लास्टिकचं मॉडेल बनवायचं होतं. लांबी किती? जेमतेम ३५ सेंटीमीटर!

गाडी पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या लोकांना ते जमेना आणि शेवटी पोर्शेची माहिती असलेल्या मेकॅनिकला बोलवावं लागलं, असंही सांगितलं जातं. पण १९७६ मध्ये बाजारात आलेल्या त्या पोर्शे ९३४ च्या मॉडेलने कंपनीचं नाव जगभर पोहोचवलं.

ती कंपनी म्हणजे तामिया. एका खेळण्यासाठी एवढा खर्च कुणी का करेल, हे समजलं की रेसिंग कारची मॉडेल्स जमवणाऱ्या आणि तासन् तास बसून ती जोडणाऱ्या लोकांचं वेडही समजतं.

लाकडाच्या वखारीतून आलेली कंपनी

तामियाची सुरुवात १९४६ मध्ये झाली, तीही लाकडाच्या धंद्यातून. योशिओ तामिया यांनी शिझुओकात हा व्यवसाय उभा केला. या भागात लाकूडकामाची परंपरा जुनीच होती. थोड्याच काळात कंपनीने उरल्यासुरल्या लाकडातून जहाजांची आणि गाड्यांची मॉडेल्स बनवायलाही सुरुवात केली.

१९५१ मध्ये आग लागली आणि लाकडाच्या साठ्याचं मोठं नुकसान झालं. १९५३ मध्ये कंपनीने लाकडाचा धंदा बंद केला आणि फक्त मॉडेल्सवर लक्ष द्यायचं ठरवलं.

पण तोवर परदेशी कंपन्यांची प्लास्टिकची मॉडेल्स जपानमध्ये येऊ लागली होती. प्लास्टिकवर बारीक नक्षी उठायची. पोरांना लाकूड तासत बसायची गरज उरली नव्हती, सुटे भाग चिकटवले की काम झालं. तामियानेही १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या कंपनीने तीच नौका कमी किमतीत आणली आणि तामियाचा पहिलाच डाव फसला.

योशिओंचे चिरंजीव शुनसाकु तामिया तेव्हा कंपनीत होते. किमतीच्या शर्यतीत टिकायचं असेल तर मॉडेल इतकं अचूक हवं की गिऱ्हाईक दुसरीकडे बघणारच नाही, ही दिशा त्यांनी पकडली. पुढे तेच कंपनीचे प्रमुख झाले. जुलै २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

१९६७ मध्ये तामियाने होंडाच्या आरए २७३ या फॉर्म्युला वन गाडीचं मोठं, म्हणजे १/१२ मापाचं किट काढलं. इंजिनाच्या नळ्यांपासून सस्पेन्शनच्या दांड्यांपर्यंत सगळं त्यात होतं. मॉडेल जोडता जोडता खरी गाडी आतून कशी असते, तेही कळायचं.

पोर्शे खोलण्यामागेही हाच विचार होता. मात्र त्यावर एवढा खर्च झाला होता की तो भरून काढायला आणखी काहीतरी करणं भाग होतं. मग त्याच गाडीत मोटर बसवून तामियाने तिला रिमोट कंट्रोलवर पळवलं. इथूनच कंपनीच्या रिमोट कंट्रोल गाड्यांचा जमाना सुरू झाला.

१/१२, १/२०, १/४३... ही भानगड काय आहे?

मॉडेलच्या डब्यावर १/२० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सोपा आहे. खऱ्या गाडीचं प्रत्येक माप २० ने भागायचं. समजा, एक रेसिंग कार ५ मीटर लांब आहे. मग तिचं मॉडेल असं होईल:

१/१२ मापात साधारण ४२ सेंटीमीटर
१/२० मापात २५ सेंटीमीटर
१/२४ मापात साधारण २१ सेंटीमीटर
१/४३ मापात साधारण साडेअकरा सेंटीमीटर

फॉर्म्युला वनच्या किट्समध्ये १/२० आणि १/१२ ही मापं जास्त चालतात. रस्त्यावरच्या आणि रॅलीच्या गाड्या बहुतेक १/२४ मध्ये मिळतात. तयार मिळणाऱ्या धातूच्या मॉडेल्समध्ये १/१८ आणि १/४३ ही मापं लोकप्रिय आहेत.

ही मापं कुठून आली, हे बघितलं तर गंमत वाटेल. १/१२ आणि १/२४ फूट-इंचाच्या हिशोबातून आली. एका फुटाला एक इंच धरला की १/१२, अर्धा इंच धरला की १/२४. १/४३ चा उगम ब्रिटनमधल्या खेळण्यातल्या रेल्वेत आहे. १९३० च्या दशकात डिंकी टॉईजच्या गाड्या आल्या, त्या मुळात हॉर्नबीच्या रेल्वे सेटशेजारी मांडायच्या वस्तू म्हणून.

आणि आपल्याकडे दुकानात लटकलेल्या हॉट व्हील्स? त्यांना सरसकट १/६४ म्हटलं जातं. पण १९६८ पासून येणाऱ्या या गाड्यांमध्ये मापापेक्षा पाकिटाचा आकार महत्त्वाचा ठरतो. म्हणून ट्रक आणि कार एकाच लांबीचे दिसतात. काटेकोर मॉडेलवाले आणि हॉट व्हील्सवाले यांच्यातल्या चेष्टामस्करीचं मूळ इथेच आहे.

नुसतं भागून का जमत नाही?

सगळी मापं २० ने भागली की मॉडेल तयार, असं कुणालाही वाटेल. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

रंगाचंच बघा. गाडीवरचा रंगाचा थर साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. मॉडेलवर तेवढाच थर बसला, तर मापाच्या हिशोबाने तो खऱ्या गाडीवर २ मिलिमीटर जाड थर दिल्यासारखा दिसेल. दारांच्या आणि बॉनेटच्या फटी बुजतील, कडा गोलसर होतील. म्हणून जाणकार मंडळी ब्रश बाजूला ठेवून एअरब्रशने रंगाचे पातळ पातळ थर देतात.

दुसरं उदाहरण सीट बेल्टचं. खरा पट्टा एक मिलिमीटर जाड धरला, तर १/२० मापात तो ०.०५ मिलिमीटर हवा. एवढं पातळ प्लास्टिक साच्यात ओतता येत नाही. मग पातळ धातूचे कोरीव भाग वापरले जातात किंवा बारीक कापडाचे पट्टे लावले जातात.

चमकदार मेटॅलिक रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीवर त्यातले कण डोळ्यांना जाणवत नाहीत. तोच रंग छोट्या मॉडेलवर मारला तर गाडीला कुणीतरी चकमकी चिकटवल्यासारखं वाटतं. त्यामुळे मॉडेलसाठी बारीक कणांचा वेगळा रंग लागतो.

म्हणजे मॉडेल खरं वाटावं म्हणून काही गोष्टी मापाबाहेर जाऊन कराव्या लागतात. काय जसंच्या तसं ठेवायचं आणि कुठे तडजोड करायची, हे ठरवण्यातच बनवणाऱ्याचा कस लागतो.

गाडी कोणती, यापेक्षा शर्यत कोणती?

रेसिंग कारचं मॉडेल जमवणाऱ्या माणसाला ‘टायरेल पी ३४ आहे का?’ असं विचारलं, तर तो उलट विचारेल, ‘कोणत्या शर्यतीतली?’

टायरेल पी ३४ ही फॉर्म्युला वनमधली सगळ्यात विचित्र गाड्यांपैकी एक. तिला सहा चाकं होती. पुढे १० इंची रिमची चार पिटुकली चाकं आणि मागे दोन मोठी. डिझायनर डेरेक गार्डनर यांचं गणित असं होतं की पुढची चाकं लहान केली तर ती पुढच्या पंखाआड लपतील आणि हवेचा अडथळा कमी होईल. चाकं चार असल्यामुळे रस्त्यावरची पकडही कमी होणार नाही.

१९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये या गाडीने कमाल केली. जोडी शेक्टर पहिला आला आणि त्याचाच सहकारी पॅट्रिक देपाये दुसरा. सहा चाकी गाडीने जिंकलेली ती फॉर्म्युला वनमधली एकमेव शर्यत. पुढे त्या छोट्या टायरचा विकास मागे पडला, १९७७ मध्ये गाडी वजनाने वाढली आणि त्या हंगामानंतर टायरेलने तिचा नाद सोडला. १९८३ पासून तर चारच चाकांचा नियम आला.

तामियाने या गाडीची किट्स काढली आणि मॉडेलवाल्यांना अभ्यासाला विषय मिळाला. १९७६ ची गाडी निळी, १९७७ ची निळी-पांढरी. दोन्हींच्या बॉडीचा आकार वेगळा. ड्रायव्हरला पुढची छोटी चाकं दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला ठेवलेली खिडकी हाही चर्चेचा विषय.

रेसिंग कार एका शर्यतीतून दुसऱ्या शर्यतीत जाताना बदलत असते. पंख बदलतो, आरसे बदलतात, प्रायोजकांचे स्टिकर बदलतात. अपघात झाला तर अर्धी गाडी नवी होते. संग्रहालयात उभ्या असलेल्या गाडीतही नंतर बदललेले भाग असू शकतात. अशा वेळी जुने फोटो समोर ठेवून बनवलेलं नेमकं मॉडेल त्या एका दिवसाची नोंद होऊन बसतं. ‘१३ जून १९७६, अँडरस्टॉर्प, गाडी क्रमांक ३’ एवढं बारकाईने बनवलेलं मॉडेल बघताना तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो.

सिगारेटच्या नावाचा पेच

या अचूकतेच्या आड कधी कधी कायदाही येतो.

१९८८ च्या हंगामात मॅकलरेनच्या एमपी ४/४ या गाडीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या आणि आयर्टन सेना पहिल्यांदा विश्वविजेता झाला. लाल-पांढऱ्या रंगातल्या त्या गाडीवर सिगारेटच्या ब्रँडचं ठळक नाव होतं. लोटसच्या काळ्या-सोनेरी गाड्यांची गोष्टही तीच. त्या काळात तंबाखू कंपन्यांचा पैसा या खेळात पाण्यासारखा वाहत होता.

पुढे अनेक देशांनी तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली. खेळणी आणि मॉडेल्सवरही ती नावं छापणं अडचणीचं झालं. त्यामुळे आज अशा गाड्यांची बरीच मॉडेल्स त्या नावाशिवाय येतात. रंग तेच असतात, पण नावाची जागा रिकामी किंवा बदललेली दिसते.

लहान मुलांच्या हातात सिगारेटची जाहिरात जाऊ नये, हे पटण्यासारखंच आहे. दुसरीकडे संग्राहकाचं म्हणणं असतं की गाडी इतिहासात जशी होती तशीच ती दिसली पाहिजे. मग तो वेगळ्या मिळणाऱ्या डेकल शोधतो. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं. जाहिरात पुसायची की इतिहास जपायचा, हा वाद या छंदात अजून मिटलेला नाही.

किट जोडतात तरी कसं?

डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटींमध्ये अडकलेले सुटे भाग दिसतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. प्रत्येक भागाला नंबर असतो. बारीक कटरने भाग सोडवायचा, राहिलेलं टोक पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर, रंग, डेकल आणि शेवटी चकाकीसाठी क्लिअर कोट.

इथे वापरला जाणारा गोंदही वेगळाच. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणून त्याचा एक थेंब चुकीच्या जागी पडला तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

१९८१ मध्ये मॅकलरेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरचा सांगाडा आणला. त्यानंतरच्या गाड्यांची मॉडेल्स बनवताना त्या विणीचा नमुना असलेल्या डेकल वाकड्यातिकड्या भागांवर बसवाव्या लागतात. या कामात अनुभवी माणसाचाही घाम निघतो.

महाराष्ट्रात या छंदाला पावसाळ्याचा अडथळा असतो. हवेत दमटपणा जास्त असताना लॅकर रंग फवारला तर त्यावर पांढुरका थर येतो. त्यामुळे मुंबईत किंवा कोकणात बसून मॉडेल रंगवायचं असेल तर कोरड्या दिवसाची वाट पाहिलेली बरी. आणि ऋतू कोणताही असो, गोंद आणि रंगाची वाफ छातीत जाऊ नये म्हणून खिडकी उघडी आणि तोंडाला योग्य मास्क हवाच.

कपाटातली गाडी आपोआप फुटते तेव्हा

ज्यांना जोडायला वेळ नाही ते तयार डायकास्ट मॉडेल घेतात. डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू दाब देऊन साच्यात भरून बनवलेली वस्तू. त्यासाठी बहुतेक वेळा झमाक नावाचा मिश्रधातू वापरतात. झिंक, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं.

या धातूचा एक शत्रू आहे. मिश्रणात शिसं किंवा तत्सम अशुद्धी राहिली तर धातू आतल्या आत कुजत जातो. गाडी फुगते, वाकते, तिला भेगा पडतात आणि एक दिवस तिचा भुगा होतो. याला झिंक रॉट म्हणतात. १९३० च्या दशकातली अनेक जुनी मॉडेल्स अशीच संपली. गाडीला कुणी हातही लावलेला नसतो, ती डब्यात सुखरूप असते आणि तरीही फुटते. यावर उपाय नाही. उष्णता आणि दमट हवेपासून दूर ठेवलं तर वेग थोडा कमी होतो, एवढंच.

प्लास्टिकची मॉडेल्सही पूर्ण सुरक्षित नसतात. मऊ टायरमधलं रसायन झिरपून प्लास्टिकचं चाक विरघळवू शकतं. डेकल पिवळ्या पडतात. उन्हाने रंग उडतो.

मग भारतात हा छंद महाग का पडतो?

चांगली किट्स, रंग आणि गोंद बहुतांश परदेशातून येतात. आयातीच्या नियमांमध्ये स्केल मॉडेल्स खेळण्यांच्याच गटात मोडतात. २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेलं. देशी खेळणी उद्योगाला बळ मिळावं, हा त्यामागचा हेतू. पण फॉर्म्युला वनच्या किटला देशी पर्याय सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे वाढलेली किंमत थेट छंद जोपासणाऱ्याच्या खिशातून जाते.

म्हणूनच सुरुवात करायची असेल तर १/१२ च्या मोठ्या किटच्या मोहात पडू नये. १/२४ मापातलं, कमी भागांचं आणि एकाच रंगाचं किट पुरतं. एक कटर, पॉलिश पेपर, गोंद आणि स्प्रे कॅन एवढ्यावर पहिली गाडी उभी राहते. ‘पुढे भाव वाढेल’ या आशेने मॉडेल्स घेणाऱ्यांनी झिंक रॉट एकदा आठवावा.

आणि मग गंगा उलटी वाहिली

खऱ्या गाड्यांवरची नावं छोट्या गाड्यांवर उतरवण्यात तामियाची अनेक वर्षं गेली. १९९१ मध्ये मात्र उलटं घडलं. फॉर्म्युला वनमधल्या लोटस संघाच्या खऱ्याखुऱ्या गाडीवर तामियाचं नाव झळकलं. लोटस १०२ बी ही ती गाडी. पुढे दोनदा विश्वविजेता झालेल्या मिका हॅकिननने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केलं ते याच संघातून, त्याच वर्षी.

मग तामियाने काय केलं असेल? त्या गाडीचंही १/२० मापाचं किट काढलं. कंपनीच्या लाल-निळ्या चांदण्यांचा लोगो आता नुसता डब्यावर राहिला नव्हता. तो आतल्या डेकलच्या कागदावरही होता, कारण खऱ्या गाडीवर तो होता आणि अचूकतेचा नियम आपल्या नावालाही लागू होताच!